देणगीदार जोडणे हेही संस्थेचे कामच आहे

मार्चचा शेवटचा आठवडा आला की फोनवर एकामागून एक संदेश येऊ लागतात. अमुक संस्थेला 31 तारखेच्या आत देणगी द्या, प्राप्तिकरात सवलत देणारी 80जीची पावती मिळेल. वर्षभर ज्या संस्थेने काही कळवलेले नसते, तिला आपली आठवण आर्थिक वर्ष संपताना होते. हे संदेश पाठवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यातले बहुतेक जण अकरा महिने वस्तीत, पाड्यावर, वसतिगृहात राबलेले असतात आणि मानधनाला पैसे कमी पडल्यावर नाइलाजाने फोन हातात घेतात. पण या धावपळीमागे एक समज आहे, आणि तो आपल्या सामाजिक संस्थांचे मोठे नुकसान करतो आहे. काम वेगळे आणि पैसे मागणे वेगळे. काम पवित्र, मागणे लाजिरवाणे, असा तो समज.

माझे म्हणणे असे आहे की सामान्य माणसांमधून देणगीदार शोधणे, त्यांना कामाशी जोडणे आणि वर्षानुवर्षे टिकवून ठेवणे हा सामाजिक कामाचाच भाग आहे. त्यासाठी संस्थेने वेगळा माणूस नेमावा, त्याला रीतसर पगार द्यावा, आणि निकाल दिसायला तीन-चार वर्षे लागतील हे धरून चालावे. ज्या संस्था हे करणार नाहीत त्या बंद पडतीलच असे नाही. त्या चालतील, पण दुसऱ्याने ठरवलेली कामे करत चालतील.

मार्चच्या संदेशातला युक्तिवाद तर आता तसाही लंगडा झाला आहे. 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि 2023-24पासून नवी प्रणाली हीच मूळ पर्याय म्हणून लागू आहे. नोकरदार मध्यमवर्गाला, म्हणजे ज्यांना हे संदेश जातात त्यांनाच, करबचतीचे कारण उरत चाललेले नाही. ज्याने केवळ करासाठी दिले तो यापुढे देणार नाही. ज्याने कामासाठी दिले तो देत राहील, पण त्याला ते काम माहीत असायला हवे.

गेल्या दहा वर्षांत संस्थांना जो मोठा आधार मिळाला तो सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीचा. 2013च्या कंपनी कायद्याने नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि 1 एप्रिल 2014पासून ती तरतूद लागू झाली. त्यातून शाळा झाल्या, बंधारे झाले, दवाखाने उभे राहिले. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या पैशाचा स्वभाव ओळखला पाहिजे. तो प्रकल्पाला मिळतो, संस्थेला नाही. चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचे वर्ष सोडले तर, जास्तीत जास्त तीन वर्षांची. कंपनी आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला झुकते माप देते आणि कायदाही तेच सुचवतो. म्हणजे चाकण-रांजणगावच्या परिसरातल्या संस्थेला जी दारे उघडी असतात ती धडगाव किंवा भामरागडमधल्या संस्थेला नसतात.

शिवाय काही कामे अशी आहेत की जिथे हा पैसा सहसा पोहोचत नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या प्रश्नावर काम करणारी संघटना, वनहक्काच्या दाव्यांसाठी गावकऱ्यांबरोबर तहसील कार्यालयात हेलपाटे घालणारी संस्था, कौटुंबिक हिंसाचारात अडकलेल्या बाईला कोर्टात साथ देणारे केंद्र. या कामांत उद्घाटन करता येईल अशी इमारत नसते आणि कोणाला तरी जाब विचारावाच लागतो. कोणत्याही कंपनीला असे काम अवघड वाटणार. त्यात तिचा दोष काढायचे कारण नाही. परदेशी निधीची वाट त्याविषयीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020च्या दुरुस्तीने अरुंद केली: प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेकडून मदत घेऊन चालणाऱ्या लहान ग्रामीण संस्थांना याचा फटका बसला. मग अशा कामांना उरते कोण? दरमहा दोनशे-तीनशे रुपये देणारी शिक्षिका, बँकेतला निवृत्त कारकून, पुण्यात नोकरी करणारा मूळचा बीडचा मुलगा. त्यांना कोणाची परवानगी घ्यायची नसते.

आकडेमोड करून पाहू. पाचशे माणसांनी दरमहा 300 रुपये दिले तर महिन्याला दीड लाख होतात, वर्षाला अठरा लाख. लहान संस्थेच्या दहा-बारा कार्यकर्त्यांचे मानधन त्यात निघू शकते. पाचशेपैकी पन्नास जण गळाले तर संस्था हलत नाही. एकच कंपनी अठरा लाख देत असेल आणि तिचे धोरण बदलले, तर एका पत्राने सगळे संपते.

महाराष्ट्राला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग काढावेत, एवढी साधी कल्पना. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि 1908मध्ये तळेगावला काचकारखाना सुरू झाला. एक पैसा ही रक्कम मुद्दाम निवडलेली होती. ती इतकी लहान होती की नाही म्हणायला कोणाला जागा नव्हती, आणि दिल्यावर तो कारखाना आपला आहे असे म्हणायचा हक्क मिळत होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड तर अजून पुढचा. रयत शिक्षण संस्था 1919मध्ये काले गावी सुरू झाली तेव्हा ज्यांच्या मुलांसाठी ती होती त्यांच्याकडे रोख पैसा नव्हताच. मग घरातल्या बाईने रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे, अशी पद्धत पाडली. याच्याकडे आपण भावुक होऊन पाहतो आणि त्यातली व्यवस्था विसरतो. धान्य रोज निघायला हवे, ठरल्या वेळी गोळा व्हायला हवे, त्याचा हिशेब राहायला हवा, देणाऱ्या घराला आपल्या मुठीतून कोणती मुले जेवतात हे दिसायला हवे. नियमित देणगीदारांच्या आजच्या योजनेतही हीच चार अंगे असतात. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकले ही गोष्ट आपण भाषणांत सांगतो. पण रयत पसरली ती एका मंगळसूत्रावर नाही, हजारो घरांच्या सवयीवर.

आणि धोंडो केशव कर्वे. 1896मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा समाज अनुकूल नव्हता, उलट चिडलेला होता. फर्ग्युसनमधली शिकवणी सांभाळून कर्वे सुट्ट्यांत गावोगाव फिरत आणि लहान लहान वर्गण्या गोळा करत. विधवांच्या शिक्षणाला वर्गणी दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्या शिक्षणाची टिंगल सहजासहजी करू शकत नाही. विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 1920मध्ये मिळाले, आश्रम सुरू होऊन चोवीस वर्षे झाल्यावर. मोठा दाता आला तो लहान वर्गणीदारांनी उभ्या केलेल्या विश्वासावर. आज कित्येक संस्था पहिल्याच वर्षी ठाकरसी शोधायला निघतात आणि मधली चोवीस वर्षे वगळू पाहतात.

लोकवर्गणी हा म्हणूनच निव्वळ पैशाचा विषय नाही. देणारा माणूस संस्थेची बाजू घेतो, शेजाऱ्याला सांगतो, गावातल्या पुढाऱ्याने कार्यकर्त्याला त्रास दिला तर फोन करतो. आपल्यावर संशय घेणाऱ्या समाजात काम करायचे असेल तर असे पाचशे लोक मिळणे ही कामातलीच प्रगती आहे.

आता देणाऱ्यांच्या बाजूचे, कारण दोष एकट्या संस्थांचा नाही. आपल्याकडे अनाथाश्रमात वाढदिवस साजरे करण्याची पद्धत आहे. एका रविवारी तीन कुटुंबे केक घेऊन येतात, मुले तीनदा गाणे म्हणतात, तीनदा फोटो निघतात. एका दिवसाच्या जेवणाची देणगी सहज मिळते. पण त्याच मुलांना रात्री ताप आला तर उठणाऱ्या मावशींच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. वह्या मिळतात, दप्तरे मिळतात, जुने कपडे तर ढिगाने मिळतात. समुपदेशक, लेखनिक, गाडीचे डिझेल, वीजबिल, लेखापरीक्षकाची फी यांना कोणी नाव द्यायला तयार नसते. ‘आमचे पैसे पगारात जाऊ नयेत’ हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित, सज्जन माणसांकडून ऐकले आहे की त्याची चीड यावी. शिक्षणाच्या कामात शिक्षकाचा पगार हेच काम असते. आरोग्याच्या कामात नर्सचा पगार हेच काम असते. तो वजा केला तर मागे राहतो फलक.

फोटोंच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख, छायाचित्रासकट, प्रसिद्ध करायला मनाई आहे. देणगीदाराला समाजमाध्यमावर टाकण्यासाठी मुलांबरोबर फोटो हवा असेल तर संस्थेने नाही म्हणायला शिकले पाहिजे, देणगी जाणार असली तरी. मुलांच्या लाचारीवर गोळा केलेला पैसा ज्या मुलांसाठी येतो त्यांनाच लहान करतो, आणि असा देणगीदार टिकतही नाही. त्याला पुढच्या वेळी याहून करुण चित्र लागते.

कार्यकर्त्याच्या पोटाचा प्रश्न महाराष्ट्राने याआधी उघडपणे घेतला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर, बाबा आढाव अशी माणसे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी उभी राहिली. नामवंत कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून निधी जमवला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन दिले गेले. कार्यकर्ता जगला पाहिजे, आणि तो जगवणे हे समाजाचे देणे आहे, असे त्यांनी निःसंकोचपणे मांडले. संकोच त्यांना वाटला नाही, तर मग आपल्याला का वाटावा?

प्रत्यक्षात करायचे काय, यातला बराच भाग अगदी साधा आहे आणि तिथेच गाडी अडते. आपल्याला आजवर कोणी कोणी दिले याची एकत्र यादी बहुतेक लहान संस्थांकडे नसते. पावतीपुस्तके कपाटात, काही नावे संस्थापकांच्या डायरीत, काही बँकेच्या पासबुकात नुसत्या आकड्यांच्या रूपात. खरे तर 2021-22पासून 80जीची नोंदणी असलेल्या संस्थेला देणगीदारांचे विवरण दरवर्षी 31 मेपर्यंत प्राप्तिकर खात्याला द्यावेच लागते. म्हणजे यादी कायद्याने करायला लावली आहेच. ती सनदी लेखापालाच्या संगणकात पडून राहते एवढेच. ती कार्यालयात आणावी. कोणी कधी, किती, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी दिले हे लिहावे. मागच्या पाच वर्षांत एकदाच देऊन थांबलेली माणसे बाजूला काढावीत आणि त्यांना आधी फोन करावा. पैसे मागण्यासाठी नाही, आपण त्यांच्या पैशाचे काय केले हे सांगण्यासाठी. अनोळखी माणसाकडून पहिली देणगी मिळवायला जेवढे श्रम लागतात, त्याहून खूप कमी श्रमांत ओळखीचा माणूस दुसऱ्यांदा देतो. तरीही संस्थांचा सगळा जोर नव्या नावांमागे असतो.

पावती आणि आभार दोन-तीन दिवसांत जावेत, तेही माणसाने लिहिलेले. वर्षातून चार वेळा एक पानभर पत्र जावे, त्यात फसलेल्या गोष्टीही असाव्यात. यंदा दोन मुली शाळेतून गळाल्या, त्यांची लग्ने झाली, आम्हाला थांबवता आली नाहीत, असे लिहिणाऱ्या संस्थेवर माणसे जास्त विश्वास ठेवतात, कारण आपल्यापैकी प्रत्येकाला काम कसे असते हे ठाऊक असते. नुसत्या यशोगाथा वाचून वाचक मनातल्या मनात वजाबाकी करू लागतो. ताळेबंद तर मागितल्याशिवाय पाठवावा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तो द्यावाच लागतो, मग देणाऱ्यापासून लपवण्यासारखे त्यात काय आहे?

दरमहा देण्याची सोय आता फार सोपी झाली आहे. 2020पासून यूपीआयवर आपोआप हप्ता जाण्याची सुविधा आहे. एकदा मंजुरी दिली की शंभर-दोनशे रुपये ठरल्या तारखेला जातात, आणि थांबवायचे असेल तर देणाऱ्याला ते स्वतःच्या फोनवर करता येते. मुष्टिफंडाला याहून चांगले साधन मिळणार नाही. पण साधन म्हणजे नाते नव्हे. हप्ता चालू आहे म्हणून संस्था त्या माणसाला विसरली, की काही महिन्यांनी तोही हप्ता बंद करतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की लहान देणगीदार महाग पडतात. पाचशे जणांना पत्रे, फोन, पावत्या, एका माणसाचा पगार. एवढ्या खर्चात कंपनीकडे एक प्रस्ताव जातो आणि पन्नास लाख आणतो. पहिली दोन वर्षे हे अगदी खरे असते. कदाचित त्या माणसाचा पगारही सुटणार नाही. म्हणूनच विश्वस्तांनी तो खर्च गुंतवणूक म्हणून मंजूर करायला हवा आणि सहा महिन्यांनी ‘किती आणले?’ असे विचारून त्या माणसाला पळवून लावू नये. कंपनीचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, पण ते आहेत तोवरच हा पाया घालावा. पैसे संपल्यावर पाया घालता येत नाही. मोठ्या मनाच्या एखाद्या देणगीदाराला तर थेट सांगावे की तुमचे यंदाचे दोन लाख आम्ही देणगीदार वाढवण्याच्या कामावर खर्च करणार आहोत. समजूतदार माणूस हो म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लोक मंदिराला देतात, गणेशमंडळाला देतात, आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेला देतात, पण वनहक्काला कोण देणार? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शस्त्रक्रियेचे आवाहन आणि जमिनीच्या दाव्याचे आवाहन सारखे चालणार नाही, हे मान्य. पण मराठी माणूस अवघड कामाला देत नाही, हे मात्र मला पटत नाही. ‘लोकसत्ता’ दरवर्षी गणेशोत्सवात काही संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्या संस्थांच्या नावे धनादेश पाठवतात. त्यांत फारशा कोणाला माहीत नसलेल्या, दुर्गम भागातल्या संस्थाही असतात. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 1978मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले आणि पुढे समाजकार्याचे पुरस्कार सुरू केले, तेव्हा त्यांनी चळवळीतल्या कार्यकर्त्यांचाही सन्मान केला. रिपन कपूर यांनी 1979मध्ये मुंबईत मित्रांसोबत 50 रुपयांवर क्राय ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली आणि शुभेच्छापत्रे विकून तिच्यासाठी पैसा उभा केला. कार्ड विकत घेणारी घरे मोठी दानशूर नव्हती, साधी मध्यमवर्गीय होती. वनहक्काचे काम एका पानात, सोप्या मराठीत, कोणाच्या नावावर किती वर्षांनी जमीन झाली हे सांगत लोकांपुढे ठेवले गेलेच नाही, तर लोक देत नाहीत असा निष्कर्ष काढायला आधार कुठे आहे?

एक गोष्ट अजून राहिली, आणि येत्या काळात ती सगळ्यात महत्त्वाची ठरणार आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या संस्थांचे संस्थापक आता वयस्क झाले आहेत. त्यांचे देणगीदारही त्यांच्याच वयाचे आहेत, आणि ते संस्थेला देत नाहीत, त्या माणसाला देतात. ‘अण्णा आहेत तोवर देऊ’ असे ते मोकळेपणाने म्हणतात. अण्णा गेले की पुढच्या दोन-तीन वर्षांत ही यादी आटते, आणि तरुण कार्यकर्त्यांना वाटते की आपण कमी पडलो. कमी पडलेले नसतात. त्यांची देणगीदारांशी कधी ओळखच करून दिलेली नसते.

याच पिढीतले अनेक देणगीदार आज ठाणे, डोंबिवली, नाशिक, पुण्यात एकटे किंवा दोघेच राहतात, मुले परदेशात आहेत. इच्छापत्रात संस्थेसाठी काही ठेवावे असे त्यांच्यातल्या काहींना मनापासून वाटते. हा विषय फार जपून हाताळावा लागतो. संस्थेने तो पत्रातून एकदा मांडावा, पाठपुरावा करू नये, इच्छापत्र त्यांनी स्वतःच्या वकिलाकडूनच करावे असा आग्रह धरावा, आणि मुलांना कल्पना द्यावी असेही सुचवावे. कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम तशी लेखी सूचना घेऊनच स्वीकारावी आणि वेगळी गुंतवावी, म्हणजे अडचणीच्या वर्षी तिला हात लावायचा मोह होणार नाही.

तेव्हा ज्या संस्थापकांची प्रकृती आज चांगली आहे त्यांनी या वर्षीच सुरुवात करावी. देणगीदाराच्या घरी जाताना पंचविशीतल्या कार्यकर्तीला बरोबर न्यावे. कामाबद्दल तिला बोलू द्यावे. आकडा चुकला तरी मध्येच दुरुस्त करू नये. त्रैमासिक पत्रावर तिची सही असावी, पावतीखाली तिचा फोन क्रमांक असावा. आणि देणगीदाराने पुढच्या वेळी संस्थापकांना फोन केला तर त्यांनी नम्रपणे सांगावे, ‘तुम्ही तिच्याशीच बोला, तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.’